नेहमीचीच की नवी? घरच्या एलचा हिशेब

इंग्लंडमध्ये घरी बिअर बनवण्याचा छंद असलेल्या माणसासमोर दर महिन्या-दोन महिन्यांनी एक प्रश्न येऊन उभा राहतो. मागच्या खेपेच्या बाटल्या संपत आलेल्या असतात. पिंप धुऊन, पुसून कोपऱ्यात ठेवलेले असते. शनिवारची सकाळ मोकळी असते. आता काय लावायचे? वर्षानुवर्षे जमत आलेली, घरच्यांना आणि शेजाऱ्यांना आवडणारी तीच एल पुन्हा, की या वेळी काहीतरी वेगळे?

वरवर पाहता हा चैनीचा प्रश्न आहे. दिवाळीत चकलीची भाजणी नेहमीच्याच प्रमाणाने करायची की यंदा प्रमाण बदलून बघायचे, असा विचार आपल्याकडे घराघरांत होतो, तसाच हा. फरक एवढाच की चकली संपली तर फार तर पोट बिघडते. एलमध्ये अल्कोहोल असते, आणि एका खेपेत तिथे साधारण चाळीस पाइंट, म्हणजे २३ लिटर बिअर तयार होते. त्यामुळे 'तीच की नवी' या निवडीचा धागा चवीपासून निघतो आणि मेंदूवरून यकृतापर्यंत जातो.

पिंपात काय घडते?

एल करण्याची रीत थोडक्यात अशी. मोड आणून वाळवलेली बार्ली, म्हणजे माल्ट, भरडून साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवतात. मोड येताना बार्लीत तयार झालेली विकरे स्टार्चचे साखरेत रूपांतर करतात. हे गोड पाणी गाळून तासभर उकळतात आणि उकळताना त्यात हॉप्स नावाच्या वेलीची सुकवलेली फुले टाकतात. हॉप्समुळे कडवटपणा आणि वास येतो, शिवाय बिअर आंबट करणाऱ्या जिवाणूंना आळा बसतो. मग ते गार करून त्यात यीस्ट घालतात. २० अंशांच्या आसपास आठ-पंधरा दिवसांत यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. शेवटी किंचित साखर घालून बाटल्या भरल्या की आणखी दोन आठवड्यांत बिअरमध्ये फेस धरतो.

एलचे यीस्ट पावाच्याच जातीचे, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. लागर नावाच्या बिअरसाठी थंडीत काम करणारे वेगळे, संकरित यीस्ट लागते. घरी थंड जागा सांभाळणे अवघड, म्हणून घरगुती बिअर करणाऱ्यांत एल अधिक लोकप्रिय.

पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. जिन्नस चारच, पण प्रत्येकाचे प्रकार अनेक. शिवाय भिजवण्याचे तापमान चार अंशांनी वाढवले, तर यीस्टला न पचणाऱ्या साखरा जास्त उरतात, अल्कोहोल कमी होते आणि बिअर दाट लागते. पाण्यानेही चव बदलते. इंग्लंडमधल्या बर्टन अपॉन ट्रेंट गावाच्या पाण्यात जिप्सम भरपूर आहे आणि त्यात हॉप्सचा कडवटपणा खुलतो. एकोणिसाव्या शतकात याच गावातून जहाजे भरभरून एल मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याच्या गोऱ्यांसाठी येत असे. 'इंडिया पेल एल' हे नाव त्यातूनच आले. आज अमेरिकेत घरी बिअर बनवणाऱ्यांचा नव्या प्रयोगांसाठी हा एक लाडका प्रकार आहे.

कायद्याने मात्र या छंदाला बरीच वर्षे अडवून धरले होते. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरी बिअर करायला परवाना लागे. १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केली आणि घरगुती बिअर करमुक्त झाली. तरी मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी परवानगी दिली ती थेट २०१३ मध्ये.

'तेच' पुन्हा करणे सोपे नाही

नेहमीचीच पाककृती लावणाऱ्याला नव्याची हौस असलेले लोक आळशी समजतात. शास्त्राच्या दृष्टीने ते खरे नाही. बार्लीचे पीक दर वर्षी सारखे नसते. हॉप्स जुने झाले की त्यांचा कडवटपणा उतरतो. जानेवारीत पिंप ठेवलेली खोली आणि जुलैतली तीच खोली यांच्या तापमानात फरक असतो. मागच्या खेपेच्या तळाचे यीस्ट पुनःपुन्हा वापरले, तर त्यातही हळूहळू बदल होतात. म्हणजे कागदावरची पाककृती तीच असली, तरी ग्लासातली बिअर तीच राहावी यासाठी करणाऱ्याला दर वेळी काहीतरी सावरून घ्यावे लागते. आजीच्या हातची आमटी रोज सारखीच लागते, कारण आजी रोज चिंच चाखून गूळ घालते.

बिअर रोज सारखी का होत नाही, या प्रश्नाने विज्ञानाला बरेच काही दिले आहे. लुई पाश्चर यांनी १८७६ मध्ये बिअरवर एक ग्रंथच लिहिला आणि ती बिघडण्यामागे नको असलेले सूक्ष्मजीव असतात हे दाखवले. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सन यांनी यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवले. पुढे डब्लिनच्या गिनेस कंपनीत विल्यम गॉसेट नावाचा रसायनशास्त्रज्ञ नोकरीला होता. बार्लीचे मोजकेच नमुने तपासून त्यांतला फरक खरा की योगायोगाचा, हे ठरवण्याची रीत त्याला हवी होती. ती त्याने शोधून काढली आणि १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने छापली. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आज शिकवली जाणारी 'टी-टेस्ट' ती हीच. दोन औषधांपैकी कोणते अधिक गुणकारी, हे ठरवायला जगभर वापरले जाणारे हे हत्यार बिअरच्या कारखान्यात घडले.

नॉर्वेचे विरजण

'तेच ते' जपण्याचे टोकाचे उदाहरण नॉर्वेच्या पश्चिम भागात सापडते. तिथल्या काही शेतकरी कुटुंबांत घरचे यीस्ट पिढ्यानपिढ्या सांभाळले जाते. त्याला 'क्वाइक' म्हणतात. बिअर झाली की थोडे यीस्ट काढून घ्यायचे, लाकडी कड्यांवर किंवा कापडावर वाळवायचे आणि पुढच्या खेपेपर्यंत जपून ठेवायचे. एखाद्या घरचे यीस्ट बिघडले तर शेजारून मागून आणायचे. आपल्याकडे विरजण संपले की वाटी घेऊन शेजारी जातात, तसेच.

२०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी या यीस्टची जनुकीय तपासणी केली. हे यीस्ट नेहमीच्या एल यीस्टांपेक्षा वेगळ्या गटात मोडते असे दिसून आले. ते ३० ते ४० अंशांतही उत्तम काम करते आणि काही दिवसांत बिअर तयार करते. इतर बहुतेक एल यीस्टांनी इतक्या उष्णतेत चवीचा विचका केला असता. एकच रीत शेकडो खेपा न बदलता पाळल्यामुळे नकळत निवड होत गेली आणि एक वेगळे वाण तयार झाले. त्याआधी २०१६ मध्ये १५७ औद्योगिक यीस्ट वाणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. माणसाने गाय-बैल माणसाळवले तसेच बिअरचे यीस्टही माणसाळवले आहे, असे त्यातून दिसले. पिंपात सुखाने राहून त्यातल्या अनेक वाणांची लैंगिक प्रजननाची क्षमताच क्षीण झाली होती.

गंमत अशी की, एकाच रीतीला चिकटून राहिलेल्या या कुटुंबांचे यीस्ट आज जगभरच्या हौशी मंडळींच्या नव्या प्रयोगांचा कच्चा माल झाले आहे. कोणीतरी जुने जपले म्हणून दुसऱ्या कोणाला नवे करता आले.

जिभेचा कंटाळा, मेंदूची ओढ

आता चाखणाऱ्याकडे वळू. एकच पदार्थ खात राहिले की त्याची गोडी कमी होते, पण त्याच वेळी दुसरा पदार्थ समोर आला तर पुन्हा भूक लागल्यासारखे वाटते. लग्नाच्या पंगतीत 'आता एक घासही नको' म्हणणारा पाहुणा जिलबी आली की पान सरसावतो, त्याचे कारण हेच. मानसशास्त्रज्ञ बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच प्रकारचे सँडविच मिळालेल्यांपेक्षा चार प्रकारची सँडविचेस मिळालेल्यांनी सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्ले. पोट तेच, भूक तीच. वैविध्याने खाणे वाढवले.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. एखादी गोष्ट वारंवार समोर आली की ती अधिक आवडू लागते, हे रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवले. म्हणजे एका बैठकीत तेच ते घेतले तर कंटाळा येतो, आणि अनेक दिवसांत थोडे थोडे घेतले तर जवळीक वाढते. घरच्या एलच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा आहे. तिसऱ्या ग्लासाला आलेला कंटाळा हा पाककृतीचा दोष असेलच असे नाही. कदाचित तिसरा ग्लास नको होता, एवढेच.

आणखी एक गोष्ट. पुढचे बेत आखताना माणूस वैविध्याची गरज अनेकदा जास्त धरतो. इटामार सायमनसन यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना पुढच्या तीन आठवड्यांचा खाऊ आधीच निवडायला सांगितला, तेव्हा त्यांनी वेगवेगळे पदार्थ निवडले. ज्यांनी दर आठवड्याला त्या त्या वेळी निवड केली, त्यांनी बहुधा आपला आवडता पदार्थच घेतला. १९९९ मधल्या एका अभ्यासात लोकांनी केवळ बदल म्हणून कमी आवडणारी गाणी निवडली आणि मग ती ऐकताना कमी आनंद मिळाल्याचे सांगितले. घरी बिअर करणारा माणूस तर नेहमी आधीच निवड करत असतो. आज लावलेली खेप महिन्याने ग्लासात येते. म्हणून शनिवारी सकाळी वाटणारी नव्याची ओढ महिन्याने संध्याकाळी तितकीच टिकेल, याची खात्री नसते.

शोधायचे किती, थांबायचे कधी?

'तीच की नवी' हा प्रश्न गणितज्ञांनीही हाताळला आहे, आणि त्याची सुरुवात वैद्यकापासून झाली. १९३३ मध्ये विल्यम थॉम्पसन यांनी एक कोडे मांडले. दोन उपचारांपैकी सरस कोणता हे नक्की माहीत नाही. आतापर्यंत बरा वाटलेला उपचारच देत राहिलो, तर दुसरा अधिक चांगला असल्याचे कधीच कळणार नाही. नुसते तपासतच बसलो, तर काही रुग्णांना कमी प्रतीचा उपचार मिळेल. मग प्रमाण किती ठेवायचे? पुढे या कोड्यावर बरेच काम झाले. त्यातून निघणारी सर्वसाधारण शिकवण सोपी आहे. हातात वेळ भरपूर असेल तेव्हा शोध जास्त घ्यावा, कारण सापडलेल्या चांगल्या गोष्टीचा लाभ पुढे बराच काळ मिळतो. वेळ थोडा उरला असेल तेव्हा आवडलेले धरून ठेवावे.

छंदाला नुकतीच सुरुवात केलेल्याने म्हणूनच चार-सहा पाककृती करून पाहणे शहाणपणाचे. दहा वर्षे मुरलेल्याने आपल्या एका एलवर हात बसवला, तर त्यात कमीपणा नाही. प्रयोग करायचाच तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. माल्ट, हॉप्स आणि यीस्ट तिन्ही एकदम बदलले, तर चांगले कशामुळे झाले आणि वाईट कशामुळे, हे कधीच कळत नाही. एकाच वेळी तीन नवी औषधे सुरू केली आणि अंगावर पुरळ उठले, तर दोष कोणाला द्यायचा, हीच पंचाईत.

चाळीस पाइंटांचे गणित

इथपर्यंत सगळे मजेचे होते. आता हिशेब.

ब्रिटनमध्ये अल्कोहोल 'युनिट'मध्ये मोजतात. एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर, अर्थात ८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१६ मध्ये दिलेला सल्ला असा आहे की, धोका कमी ठेवायचा असेल तर स्त्री असो वा पुरुष, आठवड्याला नियमितपणे १४ युनिटपेक्षा जास्त घेऊ नये, आणि तेवढे घेत असल्यास ते तीन किंवा अधिक दिवसांत विभागावे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये याहून स्पष्ट शब्दांत सांगितले की, आरोग्याला पूर्ण सुरक्षित अशी अल्कोहोलची कोणतीच मात्रा नाही. अल्कोहोलयुक्त पेये १९८८ पासून कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात आहेत. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमधला स्तनाचा कर्करोग यांच्याशी त्यांचा संबंध सिद्ध झालेला आहे. घरी बनवलेले, ताजे, 'नैसर्गिक' म्हणून यात सूट मिळत नाही. इथेनॉल शेवटी इथेनॉलच.

आता पिंप मोजू. २३ लिटर बिअर, त्यात ४ टक्के अल्कोहोल, म्हणजे ९२० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. एकूण ९२ युनिट. आठवड्याला १४ युनिटांच्या मर्यादेने एकट्या माणसाला ही खेप संपवायला साडेसहा आठवडे लागायला हवेत. आता समजा, या माणसाला दर पंधरवड्याला नवी पाककृती करून बघायची हौस आहे, बाटल्या ठेवायला जागा नाही आणि पिणारा तो एकटाच आहे. मग त्याचे आठवड्याचे प्रमाण ४६ युनिटांवर जाते, म्हणजे मर्यादेच्या तिपटीहून जास्त. त्याला दारूची ओढ आहे असे त्याला स्वतःला वाटत नाही. त्याला ओढ आहे पुढच्या खेपेची. पण पिंप रिकामे झाल्याशिवाय पुढची खेप लागत नाही, आणि पिंपातली बिअर कोणाच्या तरी पोटातच जाते.

अमेरिकेचा कायदा एकच प्रौढ असलेल्या घराला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७९ लिटर बिअर करू देतो. ५ टक्क्यांच्या हिशेबाने ती एकाच माणसाने प्यायली, तर आठवड्याला ३६ युनिट होतात. कायद्याची मर्यादा करवसुलीसाठी असते. तिला डॉक्टरांचा सल्ला समजू नये.

ओळखीच्या चवीचा चकवा

मग तीच एल बरी म्हणावी, तर तिचाही सापळा आहे. तीच खुर्ची, तोच ग्लास, तीच सातची वेळ. शरीर या खुणा ओळखू लागते आणि अल्कोहोल येण्याआधीच त्याला तोंड द्यायला सज्ज होते. १९९७ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना ओळखीची बिअर दिली आणि काहींना तेवढेच अल्कोहोल निळ्या रंगाच्या, पेपरमिंटच्या चवीच्या अनोळखी पेयातून दिले. अनोळखी पेय घेतलेल्यांची कामगिरी चाचण्यांत अधिक ढासळली.

याचा अर्थ दुहेरी आहे. नेहमीची एल 'चढत नाही' म्हणून ती हलकी असे नव्हे. मेंदूला सवय झालेली असते, यकृताला तेवढेच काम पडते आणि रक्तातले अल्कोहोलही तेवढेच असते. सवयीमुळे आधी पुरणारा एक ग्लास मग पुरेनासा होतो, आणि प्रमाण कधी वाढले हे लक्षात येत नाही. उलट नवी एल त्याच ग्लासातून घेतली तर जास्त चढू शकते. त्यात ती मुळातच कडक असेल, तर प्रश्न आणखी गंभीर. ४ टक्क्यांच्या एलचा एक पाइंट म्हणजे २.३ युनिट. ८ टक्क्यांच्या एलचा तेवढाच पाइंट म्हणजे साडेचार युनिट. दुकानातल्या बाटलीवर टक्केवारी छापलेली असते. घरच्या बाटलीवर कोणी छापत नाही.

ती काढणे मात्र अवघड नाही. हायड्रोमीटर नावाची काचेची नळी यीस्ट घालण्याआधी आणि किण्वन पूर्ण झाल्यावर द्रवात तरंगवायची. दोन आकड्यांतल्या फरकाला १३१ ने गुणले की टक्केवारी मिळते. सुरुवातीला १.०४० आणि शेवटी १.०१० असेल तर सुमारे ४ टक्के. १.०७५ वरून १.०१५ वर आले असेल तर सुमारे ८ टक्के. पाककृती बदलणाऱ्याने हे दर वेळी मोजून बाटलीवर चिठ्ठी लावायलाच हवी. पाहुण्याला बाटली देताना तर नक्कीच, कारण तो गाडी चालवत घरी जाणार असतो.

भांडे आणि बाटली

पिढीजात रीत म्हणून ती निर्धोक असतेच असे नाही, याचे वैद्यकातले एक जुने उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे. तिथे आणि आसपासच्या देशांत ज्वारी-मक्याची घरगुती बिअर लोखंडी भांड्यांत आणि पिंपांत करत. आंबणारे द्रावण आम्लधर्मी असल्यामुळे त्यात लोह विरघळे आणि ते शरीरात सहज शोषले जाई. वर्षानुवर्षे ती पिणाऱ्यांच्या यकृतात लोह साचून यकृत निकामी होत असे. १९२९ मध्येच या आजाराची नोंद झाली. पुढे काही कुटुंबांत अनुवंशिक कारणही भर घालत असावे असे आढळले. रक्तक्षय असलेल्या बाईला लोखंडी कढईत भाजी करायला सांगणारे डॉक्टर आणि हा आजार यांत विरोध नाही. प्रमाण आणि आम्लता यांचा हा फरक आहे. आजचे हौशी लोक स्टेनलेस स्टील किंवा खाद्यपदार्थांसाठीचे प्लॅस्टिक वापरतात, ते योग्यच.

दुसरा धोका बाटलीचा. किण्वन पूर्ण होण्याआधी बाटल्या भरल्या किंवा साखर जास्त पडली, तर आतला दाब वाढून काच फुटते. डोळ्याला आणि हाताला गंभीर इजा होऊ शकते. नव्या पाककृतीत, नव्या यीस्टबरोबर किण्वनाला किती दिवस लागतील याचा अंदाज नसतो, म्हणून हा धोका तिथे जास्त. दोन-तीन दिवस हायड्रोमीटरचा आकडा जराही हलला नाही, तरच बाटल्या भराव्यात. ज्यांना गाउटचा त्रास आहे त्यांनी बिअर घरची असो वा दुकानातली, टाळावी. बिअरमुळे यूरिक आम्ल वाढते.

आपल्याकडचा वाचक

महाराष्ट्रात परवान्याविना घरी बिअर किंवा कोणतीही दारू बनवणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे. हा छंद ब्रिटन-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला कायद्याने करता येतो, त्याच्या पुण्या-नाशिकच्या भावाला येत नाही.

'घरची दारू' म्हटले की आपल्याकडे विषारी दारूच्या बातम्या आठवतात. २०१५ मध्ये मुंबईत मालवणी इथे शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉल होते. धान्याच्या बिअरमध्ये मिथेनॉल नगण्य असते. विषारी दारूत बहुधा औद्योगिक मिथेनॉल मिसळलेले असते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि डोळ्यांच्या नसा जातात. अशी दारू प्यायल्यावर अंधुक दिसणे, उलट्या, पोटदुखी, धाप लागणे यातले काहीही झाले, तर सकाळपर्यंत वाट न पाहता रुग्णालय गाठावे. वेळेत उपचार आणि डायलिसिस मिळाले तर जीव आणि दृष्टी वाचू शकते.

मग कोणती लावावी?

चवीपुरते उत्तर ज्याचे त्याने ठरवावे. आरोग्यापुरते मात्र काही सांगता येते. नव्याची हौस असेल तर खेप लहान करावी. साडेचार लिटरची खेप, म्हणजे आठ पाइंट, स्वयंपाकघरातल्या पातेल्यातही होते. वर्षात दहा पाककृती करून पाहिल्या तरी साठा वाढत नाही. मोठी खेप केलीच, तर ती छंदाच्या मंडळात वाटावी. अमेरिकेत १९७४ पासून अशी मंडळे आहेत आणि तिथे घोटभर चाखून दुसऱ्याचा अनुभव फुकट मिळतो. आवडती एल कायम ठेवायची असेल तर तीच तीन-साडेतीन टक्क्यांवर आणून तितकीच चवदार करता येते का, हे पाहावे. कमी माल्टमध्ये चव टिकवणे हे करणाऱ्याचे खरे कसब. आठवड्यातले काही दिवस ग्लास कपाटातच राहू द्यावा. गर्भवतीने, यकृताचा आजार असलेल्याने आणि झोपेच्या किंवा फिट्सच्या गोळ्या घेणाऱ्याने या वाटेला जाऊच नये. जो पीत नाही, त्याने प्रकृतीला चांगले म्हणून सुरुवात करण्याचे काहीच कारण नाही.

सकाळी हात थरथरत असतील, न घेता झोप लागत नसेल, किंवा घरचे बोलू लागले असतील, तर प्रश्न पाककृतीचा उरलेला नाही. अशा वेळी एकदम स्वतःहून बंद करणेही धोक्याचे ठरू शकते. झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.

बाकीच्यांसाठी एक वही पुरेशी आहे. पिंपाशेजारी ती ठेवावी. खेप कधी लावली, टक्केवारी किती आली, पहिली बाटली कोणत्या तारखेला उघडली आणि शेवटची कोणत्या. ४ टक्क्यांची खेप एकट्याने साडेसहा आठवड्यांच्या आत संपवली असेल, तर पुढच्या शनिवारी 'तीच की नवी' हे ठरवण्याची घाई नको. पिंप महिनाभर कोपऱ्यातच राहिले तरी बिघडत नाही.